रानमोडी फेब्रुवारीत कापू नका

काजूच्या भाटाची, म्हणजे बागेची, साफसफाई कधी करायची, यावर आमच्या गावात वाद नाही. फेब्रुवारीत. आजोबा करायचे, वडील करायचे, शेजारीपाजारी आजही करतात. मोहोर जिरून बी धरली, पहिली बोंडं पिवळी व्हायला लागली की कोयती, ब्रश कटर, माणसं, सगळं एकदम डोंगरावर चढतं. खाली पडलेलं बोंड दिसलं पाहिजे, वेचता आलं पाहिजे, हे अगदी खरं. पण भाटात माजणाऱ्या रानमोडी या तणाच्या बाजूने विचार केला तर तिला याहून सोयीचा महिना वर्षात दुसरा नाही. माझं भांडण आहे ते या फेब्रुवारीशी.

भाट गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आहे, वाळपईच्या पुढे, डोंगराच्या उतारावर. मी डिचोलीत राहते, रविवारी जाते. वडील होते तोवर रानमोडी कडेकडेनेच असायची, वाटेच्या दोन्ही बाजूंना आणि ओहळाकडे. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, वरच्या अंगाची जुनी, ऐसपैस पसरलेली काजूची झाडं मुळासकट कोसळली, आणि जिथे वर्षानुवर्षं सावली होती तिथे ऊन थेट जमिनीवर पडायला लागलं. पुढचे दोन पावसाळे सरले तोवर त्या भागात माणूस शिरेना. रोयणीवर, म्हणजे वाळवीच्या वारुळावर, अळमी (रानअळंबी) उगवायची त्या जागेकडे जाणारी वाट बुजली, म्हणून गावातल्या बायका माझ्यावर रागावल्या. माझं काजूचं पीक बुडालं याचं त्यांना काही नव्हतं, अळमी गेली याचं होतं. रास्तच आहे म्हणा.

आधी ओळख. मला विचारणारे निम्मे लोक पणजीचे असतात आणि त्यांना कुठलंही माजलेलं तण काँग्रेस गवत वाटतं. काँग्रेस गवत म्हणजे गाजर गवत. त्याचं पान गाजराच्या पानासारखं चिरलेलं, फुलं बारीक पांढरी, आणि हात लावला तर पुष्कळांच्या अंगाला खाज सुटते. ते १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं आणि तिथून देशभर गेलं. आपल्याकडे ते रस्त्याच्या कडेला, बाजाराच्या आसपास, बांधकामासाठी आणून टाकलेल्या मातीत दिसतं. काजूच्या डोंगरावर डोक्याच्या वर गेलेली जी हिरवी भिंत दिसते ती बहुतेक वेळा रानमोडी. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या, नातं तेवढंच.

रानमोडीचं पान समोरासमोर जोडीने येतं. आकार त्रिकोणाकडे झुकणारा, टोक निमुळतं, कडेला मोठे दाते. पान उलटं करून उजेडात धरा. देठाजवळून तीन ठळक शिरा निघालेल्या दिसतील, थेट त्रिशूळ. ही खूण मी सगळ्यांना शिकवते, कारण झाड वीतभर असलं तरी ती दिसते. मग पान चुरडून वास घ्या. उग्र, टर्पेंटाइनकडे जाणारा वास येतो, आणि एकदा नाकात बसला की पुढच्या वेळी पान बघावंही लागत नाही. उन्हातली कोवळी पालवी जांभळट असते. कोवळं खोड हिरवं, लवदार, मोडलं तर आत पांढरा गाभा. बुंधा मात्र तपकिरी आणि लाकडासारखा होतो. मोकळ्यावर झाड दोन-तीन मीटर वाढतं, पण शेजारी आधार मिळाला तर काजूच्या फांद्यांतून वर चढून त्याहून कितीतरी उंच जातं.

चुकामूक होते ती घाणेरीशी. तिचंही पान समोरासमोर आणि वासाचं, पण खोड चौकोनी, काटेरी, पान खरखरीत, फुलं रंगीबेरंगी आणि नंतर काळी फळं. रानतुळस त्याच दिवसांत फुलते, तिचंही खोड चौकोनी आणि फुलं बारीक निळी. रानमोडीचं खोड गोल. ओसाडीचं फूल लांबून तसं वाटतं खरं, पण ती वर्षायू, गुडघ्याच्या आसपास थांबणारी. ओसाडीवर वेळ घालवू नका.

डिसेंबरात फुलं आली की चुकायचं काही कारणच नाही. फिकट जांभळे, लवकरच पांढरे पडणारे तुरे, सूर्यफुलाला असतात तशा पाकळ्या नाहीत, नुसते केसाळ गुच्छ. अख्खा डोंगर धुरकट पांढरा दिसतो. त्यावर ब्लू टायगर आणि कॉमन क्रो फुलपाखरं थव्यांनी बसतात. या फुलांत अल्कलॉइड असतात, ते नरांना हवे असतात. त्या दिवसांत कॅमेरे घेऊन येणारी मंडळी मला दुष्ट समजतात. एकाने विचारलंही, इतकी सुंदर झाडं का तोडता? मी त्याला काजू दाखवली. म्हणजे दाखवायचा प्रयत्न केला, आत जाता आलं नाही.

आता फेब्रुवारी.

रानमोडी दिवस लहान झाले की कळ्या धरते. साधारण नोव्हेंबरात कळी, डिसेंबर-जानेवारीत फूल, आणि जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत बी. बी काळं, बारीक, चार-पाच मिलिमीटरचं, टोकाला पांढऱ्या केसांचा झुपका. वाऱ्यावर उडतं, आणि कडेला सूक्ष्म काटे असल्याने कपड्यांना, कुत्र्याच्या अंगाला, पोत्यांना चिकटून फिरतं. एका मोठ्या झाडावर हजारोंनी बिया. त्यातही आशियात पसरलेली रानमोडी परागीभवनाशिवाय बी धरते, म्हणजे जोडीची गरजच नाही, एकटं चुकलेलं झाड पुरेसं.

अशा वेळी आपण काय करतो? ब्रश कटर घेऊन तिच्यात शिरतो. पातं फिरतं, झाड हादरतं, वाळलेले तुरे फुटतात, आणि ज्या बियांना वाऱ्याची वाट बघावी लागली असती त्या आपण स्वतः भाटभर पसरवतो. त्याच वेळी जमीन उघडी करून देतो. रानमोडीचं बी रुजायला उजेड लागतो. दाट सावलीत किंवा मातीत खोल गाडलं गेलेलं बी बहुधा तसंच पडून राहतं. मग मशीनवाला तेच मशीन, तेच जोडे, तीच पँट घेऊन दुसऱ्या भाटात जातो. मी आता माझ्याकडे येणाऱ्याला आधी मशीन झाडायला लावते. तो हसतो, पण झाडतो.

शिवाय ब्रश कटर नडगीच्या उंचीवर कापतो. रानमोडीचा जीव खाली, जमिनीलगतच्या गड्ड्यात असतो. वरचं खोड गेलं की पहिल्या पावसात गड्ड्यातून जुडगाभर नवे फुटवे निघतात. कापलेल्या ठिकाणी पुढच्या वर्षी रानमोडी अधिक दाट का दिसते, याचं कोडं पडायला नको.

लोक वेडे नाहीत. फेब्रुवारी निवडण्यामागे हिशेब आहे. रानमोडी काढायचा योग्य काळ म्हणजे नवरात्र ते तुळशीचं लग्न. पाऊस सरत आलेला, माती अजून ओली, कळी धरलेली नाही किंवा नुकती धरलेली. पण नेमकी तेव्हाच भातकापणी असते. मळणी, दिवाळी, त्यात एखादा अवकाळी पाऊस. माणूस मिळत नाही, मिळाला तर शेत सोडून डोंगरावर यायला तयार नसतो. आणि काजूचे पैसे दिसायला चार महिने असताना खिशात हात घालायला मालकालाही जड जातं. फेब्रुवारीत माणसं रिकामी असतात आणि बोंडं डोळ्यांसमोर असतात. म्हणून फेब्रुवारी.

मी तोडगा काढला तो असा की काम एकदम करायचंच नाही. जुलैत, लावणी आटोपली की, गावातल्या बायका अळमीसाठी आणि भाजीसाठी रानात येतातच. त्यांना मी पहिल्या पावसात रुजलेली रोपं उपटायला सांगते, मजुरी देऊन. वीतभर रोप, मऊ चिखल, दोन बोटांत येतं. तीन शिरांची खूण त्यांना सांगावी लागली नाही, वास त्यांना लहानपणापासून माहीत. आणि अळमीची वाट उघडी राहण्यात त्यांचाही फायदा, त्यामुळे देखरेख करत उभं राहायची गरज नाही. मोठी झुडपं ऑक्टोबरात, भातकापणीच्या आधी नाहीतर नंतर, जेव्हा दोन-तीन माणसं मिळतील तेव्हा. सगळ्या भाटात नाही. एका वर्षी एक पट्टा.

पट्टा कुठला घ्यायचा यावर काकांशी माझे मतभेद झाले. त्यांचं म्हणणं, जिथे सर्वांत दाट आहे तिथून सुरू कर. माझं उलटं. जिथे विरळ आहे, जिथे काजूची सावली अजून शाबूत आहे, तो भाग आधी स्वच्छ करायचा आणि तिथून दाट भागाकडे सरकत जायचं. दाट भागात सगळी ताकद एका दमात संपते आणि मागे विरळ भाग दाट होतो. काका बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "ही मरची ना गो, आमी मरतले." तरी पिकास (टिकाव) त्यांनीच आणून दिली.

पद्धत सोपी पण कष्टाची. आधी खोड कोयतीने गुडघ्याच्या उंचीवर तोडायचं, म्हणजे धरायला मूठ राहते. मग पिकासने बुंध्याभोवती दोन घाव घालून गड्डा उचकटायचा. मुळं फार खोल नसतात, वरच्या वीत-दीड वीत मातीत पसरलेली असतात, आणि हरळीसारखी जमिनीखालून धावणारी नसतात. ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. गड्डा निघाला की झाड संपलं. ओल्या मातीत जोर लावला तर मध्यम झुडूप नुसत्या हाताने येतं. तुळशीचं लग्न उलटलं की आमची तांबडी चिऱ्याची जमीन अशी आवळते की पिकासही उसळी मारते. म्हणून तारखेचा एवढा हट्ट. निघालेले गड्डे मातीवर टाकायचे नाहीत, ओल असेल तर पुन्हा जीव धरतात. मुळं वर करून खडकावर रचायचे. वरचा पाला मात्र फुकट घालवू नका. फूल यायच्या आधी कापलेल्या रानमोडीचा पाला नत्राने भरलेला असतो, कुजतोही लवकर. तो मी नव्या रोपांच्या आळ्यात जाड थर देऊन घालते. फूल आल्यावर हे करायचं नाही, हे सांगायला नको.

गुरं सोडून हे काम होईल का, असं विचारतात. होणार नाही. गुरं तिला तोंड लावत नाहीत, आणि तेच बरं, कोवळ्या पानांत नायट्रेटचं प्रमाण जास्त असतं आणि ते गुरांना बाधतं. चराईचा परिणाम उलटा होतो. गुरं आजूबाजूचं गवत खाऊन रानमोडीला जागा करून देतात.

जाळणं हा आमच्याकडचा दुसरा लाडका उपाय. कापायचं, महिनाभर वाळू द्यायचं, मार्चमध्ये काडी लावायची. वाळलेली रानमोडी तेलकट, पोकळ, भराभर पेटणारी. आग काजूच्या खालच्या फांद्यांपर्यंत सहज पोचते. २०२३च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात साट्रे भागापासून वणवे सुरू झाले आणि विझवायला नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी घेऊन आली, ते आम्ही सत्तरीकरांनी आकाशात बघितलंय. त्या वणव्यांच्या कारणांत मी शिरत नाही. पण तेव्हापासून आमच्या डोंगरावर काडी लावायची नाही, एवढं घरात ठरलं. आणि आगीत रानमोडीचं जातं काय? वरचा सांगाडा. गड्डा मातीत शाबूत राहतो, आजूबाजूचं बाकी सगळं जळतं, राखेचं खत मिळतं, ऊन मिळतं. जूनमध्ये सर्वांत आधी हिरवी होते ती हीच.

तणनाशकाबद्दल दुकानदार आपणहून सांगतो. सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ग्लायफोसेटवर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२मध्ये निर्बंध आणले, ते फक्त कीड नियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांनीच वापरायचं. डब्यावर नाव वेगळं असतं, घटक वाचा. माझा नकार त्याच्या आधीपासूनचा आहे. आमच्या भाटाचं पाणी ओहळात जातं आणि ओहळ खालच्या वाड्याच्या विहिरींजवळून. शिवाय बोंडं जमिनीवर पडतात, जमिनीवरून वेचली जातात आणि तशीच रसाला जातात. फवारलेल्या जमिनीवरच्या बोंडांची हुर्राक, म्हणजे रसाची हलकी दारू, मी कुणाला पाजणार?

कुणीतरी म्हणेल की ही परकी वनस्पती, म्हणून एवढा राग. अहो, काजू कुठली? तीही ब्राझीलची, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी आणलेली. तिच्या फेणीला २००९ साली गोव्याच्या नावाचं भौगोलिक मानांकन मिळालं आणि कुणी तिचा पासपोर्ट विचारत नाही. मिरचीचंही तेच. रानमोडीही अमेरिकेच्या उष्ण भागातली, एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी लावलेली. काजूला इथे खाणारे पुष्कळ, वटवाघळापासून माणसापर्यंत. रानमोडीला तिच्या मुलखात कुरतडणारे किडे होते, ते मागेच राहिले. माझी तक्रार तेवढीच.

म्हणूनच काढलेली जागा रिकामी ठेवून चालत नाही. रानमोडीला सावली सोसत नाही, हे तौक्तेने उलट्या बाजूने शिकवलं. वादळाने उघड्या पडलेल्या भागात मी काजूची कलमं लावली आहेत, पण ती मोठी होईपर्यंत मधल्या जागेत भिरंड (कोकम), जांभूळ, आणि आपोआप आलेली किंदळ, कुंभा, करवंदं, चुन्नां अशी रानझाडं. पूर्वी साफसफाईत ही सगळी कापली जायची. आता कोयती चालवणाऱ्याला सुरुवातीलाच फिरवून दाखवते, हे ठेव, हेही ठेव. त्याला ते पटत नाही, त्याच्या दृष्टीने भाट म्हणजे खाली लख्ख आणि वर काजू. पण ज्या पट्ट्यात करवंदाची जाळी आणि किंदळीची पोरं राहिली तिथे रानमोडी फुटव्यांपुरती येते आणि हाताने निघते. जिथे लख्ख ठेवलं तिथे दर जूनला रोपांचा गालिचा.

सर्वांत अवघड भाग वरच्या बांधापलीकडे आहे. ते भाट विकलं गेलंय, मालक बाहेर असतात, आणि तिथे रानमोडीशिवाय काही पिकत नाही. थंडीत सकाळचा वारा घाटाकडून खाली येतो, म्हणजे त्यांचं बी माझ्या अंगणात. मी त्यांना फोन करून बांधालगतचा दहा मीटरचा पट्टा नोव्हेंबरात माझ्या खर्चाने कापायची परवानगी मागितली. त्यांना वाटलं मी जागा बळकावतेय. बरंच बोलणं झालं, शेवटी व्हॉट्सअॅपवर लेखी दिलं की आम्ही फक्त तण काढू. ते फूल यायच्या आधी नुसतं कापलं जातं, गड्डे काढायचा खर्च मला झेपणारा नाही. तरी कापलेल्या झुडपाला पुन्हा फुटून त्याच हंगामात भरपूर फुलायला वेळ उरत नाही. बांधाच्या आतल्या बाजूला जुलैत उपटायची रोपं त्यामुळे कमी झाली आहेत, हे बायकांनी सांगितलं, आणि मजुरी त्यांची कमी झाली असल्याने मी त्यांच्यावर विश्वास ठेवते.

एक विनंती. रानमोडीवर गाठी करणारी एक बारीक माशी आहे, सेसिडोकेरेस कोनेक्सा नावाची. दक्षिण अमेरिकेतली ही माशी इंडोनेशियाने १९९५ मध्ये सुमात्रात सोडली, आणि तिथून पुढे ती बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी भारतात आणली. ती कोवळ्या शेंड्याच्या खोडात अंडी घालते, अळीमुळे खोड फुगून लांबट गोल गाठ होते, आणि झाडाची ताकद त्या गाठीत जाते. झाड मरत नाही, पण वाढ आणि फुलं कमी होतात. आमच्या डोंगरावर मला अशी गाठ अजून दिसलेली नाही. तुम्हाला सत्तरीत, सांगेत, काणकोणात कुठेही रानमोडीच्या शेंड्याखाली अशी गाठ दिसली तर ती फांदी कापू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि खाली कळवा. जुने गोवे इथल्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) संस्थेत तो फोटो घेऊन जायचं काम माझं.